आंबोलीचे ओढे, ट्राउट मासा आणि गळाची माशी

सिंधुदुर्ग जिल्ह्यातील आंबोली हे सह्याद्रीच्या माथ्यावर, समुद्रसपाटीपासून सुमारे ७०० मीटर उंचीवर वसलेले गाव आहे. वर्षाकाठी सरासरी ७,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस येथे पडतो आणि घाटमाथ्यावर पडताच त्याच्या पाण्याचे दोन वाटे होतात. पश्चिमेच्या कड्यांवरून कोसळणारे पाणी थोड्याच अवधीत कोकणपट्टी ओलांडून अरबी समुद्राला मिळते. पूर्वेकडे वळलेल्या पाण्याचा प्रवास मात्र फार दूरचा. गावापासून काही किलोमीटरवर महादेवाच्या मंदिरामागील गुहेतून हिरण्यकेशी नदी उगम पावते. आजरा व गडहिंग्लज या तालुक्यांतून ती कर्नाटकात शिरते, बेळगाव जिल्ह्यात घटप्रभेला मिळते आणि पुढे कृष्णेवाटे तिचे पाणी बंगालच्या उपसागरापर्यंत पोहोचते.

या थंड, खळाळत्या पाण्यातील जीवसृष्टीची ओळख करून घेण्याचे अनेक मार्ग आहेत. गळाने मासे धरणाऱ्यांनी शतकानुशतके जोपासलेली विद्या हा त्यांपैकी एक होय. विशेषतः थंड प्रदेशातील डोंगरी नद्यांवर वसंताच्या आरंभी ट्राउट मासा धरावयास निघालेल्या मनुष्यापुढे एकच प्रश्न असतो : आज गळाला कोणती माशी लावावी? आंबोलीच्या ओढ्यांत ट्राउट नाही, आणि तो का नाही हेही पुढे येईलच. परंतु त्या प्रश्नाचे उत्तर शोधण्याची रीत येथील ओढ्यांनाही तंतोतंत लागू पडते. पाण्यातील दगड उलटून पाहावयास ती शिकविते, आणि दगडाखाली काय आहे यावरून नदीची प्रकृती कळते. ही रीत वाचकांना सविस्तर समजावून सांगावी आणि आपल्या नद्यांच्या रक्षणासाठी तिचा उपयोग कसा करता येईल ते दाखवावे, हा या लेखाचा हेतू आहे.

कृत्रिम माशी म्हणजे काय?

कोकणात ओढ्याकाठी गरवावयास बसणारा मनुष्य गरीला गांडूळ, कोळंबी किंवा पिठाची गोळी लावतो. हे आमिष खरेखुरे खाद्य असते. कृत्रिम माशीचा प्रकार वेगळा आहे. लहानशा गळावर रेशमी धागा, लोकर, प्राण्याचे केस व पक्ष्याचे पीस गुंडाळून पाण्यातील एखाद्या कीटकाची हुबेहूब वाटावी अशी प्रतिकृती तयार करतात. तिला वजन असे जवळजवळ नसतेच. त्यामुळे ती दूर फेकण्यासाठी विशेष जाड व जड दोरी लागते, आणि दोरीच्या वजनानेच माशी पुढे जाते. दोरीच्या टोकाशी बारीक, पारदर्शक तंतू जोडलेला असल्याने माशाला दोरी दिसत नाही. त्याला दिसतो तो केवळ प्रवाहाबरोबर वाहत येणारा एक कीटक.

ही कला फार जुनी आहे. इसवी सनाच्या २०० च्या सुमारास एलियन या रोमन लेखकाने मॅसिडोनियातील एका नदीवरील कोळ्यांचे वर्णन लिहून ठेवले आहे. तेथील मासे पाण्यावर बसणाऱ्या एका विशिष्ट माशीवर झेप घेत. ती माशी हाती धरताच तिचे रंगरूप बिघडे, म्हणून कोळी गळाभोवती तांबडी लोकर गुंडाळीत आणि तिला कोंबड्याची दोन पिसे बांधीत. पुढे १४९६ मध्ये इंग्लंडात छापल्या गेलेल्या एका पुस्तिकेत मार्च ते ऑगस्ट या महिन्यांसाठी बारा निरनिराळ्या माश्यांची यादी दिलेली आढळते. महिना बदलला की नदीवरचा कीटक बदलतो आणि कीटक बदलला की माशाची रुची बदलते, हे त्या काळीही जाणकारांच्या ध्यानात आले होते.

आपल्याकडेही या विषयाचा विचार झालेला आहे. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या ‘मानसोल्लास’ या बाराव्या शतकातील संस्कृत ग्रंथात ‘मत्स्यविनोद’ हे स्वतंत्र प्रकरण आहे. माशांच्या जाती, त्यांची राहण्याची ठिकाणे, गळाची दोरी आणि निरनिराळ्या माशांना घालावयाचे खाद्य यांची माहिती त्यात येते. भारतीय मत्स्यशास्त्रज्ञ डॉ. सुंदरलाल होरा यांनी १९५१ मध्ये या प्रकरणाकडे अभ्यासकांचे लक्ष वेधले. पिसांची माशी त्यात नसली तरी मूळ तत्त्व तेच आहे. माशाला आवडेल ते त्याच्यापुढे ठेवावयाचे, तर तो काय खातो हे आधी पाहिले पाहिजे.

दगडाखालचे जग

पाण्यावर भिरभिरणारे कीटक आपल्याला दिसतात, परंतु त्यांच्या आयुष्याचा फार मोठा भाग पाण्याखाली, दगडांच्या आडोशाने जातो. डोंगरी प्रवाहातील माशांचे बरेचसे अन्नही तेथेच असते. या कीटकांचे चार गट ओळखता आले तरी प्रारंभिक अभ्यासाला ते पुरेसे आहेत.

पहिला गट मेफ्लाय या नाजूक कीटकांचा. पाण्यातील पिलाच्या शेपटीला बहुधा तीन बारीक तंतू असतात आणि पोटाच्या दोन्ही बाजूंना पानासारखे कल्ले हलताना दिसतात. पूर्ण वाढ झाल्यावर हे पिलू पृष्ठभागावर येते, कात टाकते व त्याला पंख फुटतात. पंख फुटल्यानंतर पुन्हा एकदा कात टाकणारा हा एकमेव कीटकगट होय. पूर्ण वाढलेल्या मेफ्लायचे तोंड निकामी असते. ती काही खात नाही. काही तासांच्या किंवा फार तर एक-दोन दिवसांच्या आयुष्यात अंडी घालून ती मरून जाते.

दुसरा गट स्टोनफ्लाय या कीटकांचा. यांच्या पिलाला शेपटीचे दोनच तंतू असतात आणि प्रत्येक पायाच्या टोकाला दोन नख्या असतात. पंख फुटण्याच्या वेळी हे पिलू सरपटत काठावरील दगडावर चढते आणि तेथे कात टाकते. ओढ्याच्या कडेला दगडाला चिकटलेली कोरडी, पोकळ कात दिसली तर हा कीटक त्या पाण्यात आहे असे समजावे. त्याला भरपूर प्राणवायू असलेले स्वच्छ, वाहते पाणी लागते. हिमालयाच्या मानाने सह्याद्रीत त्याच्या जाती थोड्या आहेत.

तिसरा गट कॅडिस या कीटकांचा. त्यांच्या अळ्या तोंडातून रेशमासारखा धागा काढतात. काही अळ्या त्या धाग्याने वाळूचे कण, काटक्या किंवा पानांचे तुकडे जोडून आपल्यापुरते नळीसारखे घर बांधतात आणि ते पाठीवर घेऊन हिंडतात. दुसऱ्या काही अळ्या वेगवान प्रवाहात दगडांच्या फटीत बारीक जाळे विणतात आणि वाहून येणारे अन्न त्यात धरतात. या गटाला कोशाची अवस्था असते. पंख फुटलेला कॅडिस बसला की त्याचे पंख कौलारू घराच्या छपरासारखे पाठीवर उतरते दिसतात.

चौथा गट डासांसारख्या दिसणाऱ्या, परंतु न चावणाऱ्या बारीक चिलटांचा. त्यांच्या काही जातींच्या अळ्या लालभडक असतात. त्यांच्या शरीरात आपल्या रक्तातल्यासारखेच हिमोग्लोबिन असते. त्यामुळे प्राणवायू फार कमी असलेल्या, गढूळ व घाण पाण्यातही त्या तग धरतात. हा भेद पुढे उपयोगी पडणार आहे.

वसंतारंभीची निवड

हिमाचल प्रदेशातील कुलू खोऱ्यात व काश्मीरमध्ये ट्राउटची मासेमारी हिवाळ्यात बंद ठेवतात, कारण तपकिरी ट्राउटचा विणीचा काळ तोच असतो. वसंतात हंगाम उघडतो तेव्हा नद्यांचे पाणी थंड, कमी आणि नितळ असते. पुढे उन्हाळ्यात बर्फ वेगाने वितळू लागले की तेच पाणी वाढते आणि गढूळ होते. म्हणून हंगामाच्या आरंभी माशी निवडताना पुढील क्रमाने विचार करतात.

सर्वप्रथम खोली. मासा थंड रक्ताचा प्राणी असल्याने पाणी गार असते तेव्हा त्याची हालचाल मंदावते. तो प्रवाहाचा जोर टाळून डोहाच्या तळाशी किंवा मोठ्या दगडाच्या आडोशाला राहतो आणि पृष्ठभागावरील एका चिलटासाठी वर येण्याचे कष्ट घेत नाही. म्हणून अशा वेळी पंखांच्या तरंगत्या माशीपेक्षा पाण्याखालच्या पिलाची, तारेने किंचित जड केलेली प्रतिकृती अधिक उपयुक्त ठरते. इंग्लंडातील एव्हन नदीवरचे रखवालदार फ्रँक सॉयर यांनी विसाव्या शतकाच्या मध्यास अशी एक माशी लोकप्रिय केली. तिच्यात धागा मुळीच नाही. तांब्याची बारीक तार आणि फेझंट पक्ष्याच्या शेपटीचे तपकिरी तंतू एवढेच साहित्य तिला लागते. तारेच्या वजनाने ती बुडते आणि तंतूंमुळे मेफ्लायच्या पिलासारखी दिसते.

दुसरा विचार आकाराचा. वसंतारंभीचे कीटक बहुधा लहान असतात. गळांना आकारमानाप्रमाणे क्रमांक दिलेले असतात आणि क्रमांक जसा वाढतो तसा गळ लहान होत जातो. नितळ पाण्यात १४ ते १८ क्रमांकांचे लहान गळ योग्य ठरतात. पाणी गढूळ झाले तर १० किंवा १२ क्रमांकाची मोठी व गडद माशी घ्यावी लागते, कारण माशाला ती दिसली पाहिजे. नवशिक्या मनुष्याचे लक्ष रंगाकडे जाते, परंतु जाणकार आधी आकार जुळवितो. माप चुकलेली सुंदर माशी मासा सहसा नाकारतो.

तिसरा विचार आकृतीचा आणि चौथा रंगाचा. मेफ्लायचे पिलू शेपटीकडे निमुळते होते, स्टोनफ्लायचे चपटे व लांबट असते, कॅडिसची अळी जाडसर व वाकडी असते. दगड उलटून जे अधिक संख्येने दिसेल त्याची आकृती घ्यावी. थंडीच्या दिवसांतील बहुतेक कीटक काळपट, तपकिरी किंवा शेवाळी छटेचे असतात. त्यामुळे भडक रंगांची या दिवसांत फारशी गरज नसते.

पाचवा विचार वेळेचा. सकाळी पाणी अतिशय गार असते. दुपारी ऊन पडून ते एक-दोन अंशांनी तापले की मेफ्लायची पिले वर येऊ लागतात, आणि त्यांच्यामागे मासाही वर येतो. या वेळी पाण्यावरील खुणा नीट पाहाव्यात. माशाने हालचाल केली आणि पृष्ठभागावर बुडबुडा राहिला, तर त्याने वर बसलेला कीटक गिळला असे समजावे, कारण कीटकाबरोबर थोडी हवाही त्याच्या तोंडात गेलेली असते. केवळ पाठ किंवा शेपूट दिसली आणि बुडबुडा राहिला नाही, तर तो पृष्ठभागाच्या किंचित खाली, वर येणारी पिले टिपीत असतो. पहिल्या प्रसंगी तरंगती माशी आणि दुसऱ्या प्रसंगी अर्धवट बुडणारी माशी निवडतात.

खोली, आकार, आकृती, रंग आणि वेळ या पाचही पायऱ्यांचा उगम एकाच सवयीत आहे. ती सवय म्हणजे गळ बाहेर काढण्यापूर्वी पाव तास नदीकडे पाहत बसण्याची.

ट्राउट सह्याद्रीत का नाही?

ट्राउट हा मूळचा भारतातील मासा नव्हे. फ्रान्सिस डे यांनी १८६३ मध्ये निलगिरीत तो आणण्याचा केलेला प्रयत्न फसला. काश्मीरसाठी १८९९ मध्ये पाठविलेली अंडी वाटेतच नष्ट झाली. पुढच्या वर्षी, १९०० मध्ये स्कॉटलंडहून आणलेली अंडी मात्र जगली आणि तेथून हा मासा हिमालयातील इतर खोऱ्यांत पसरला. विसाव्या शतकाच्या आरंभी निलगिरीतही इंद्रधनुषी ट्राउट स्थिरावला.

या सर्व ठिकाणांत समान गोष्ट आहे ती पाण्याचा गारवा. ट्राउटला साधारणतः १० ते १८ अंश सेल्सिअस तापमानाचे पाणी मानवते. २० अंशांच्या वर त्याला त्रास होऊ लागतो आणि २५ अंशांच्या आसपास जिवावर बेतते. याचे एक कारण प्राणवायूत आहे. समुद्रसपाटीच्या हवेच्या दाबाला १० अंश तापमानाच्या एका लिटर पाण्यात सुमारे ११.३ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळू शकतो. २० अंशांना तो ९.१ आणि ३० अंशांना ७.६ मिलिग्रॅमपर्यंत उतरतो. पाणी तापले की माशाची प्राणवायूची गरज वाढते, आणि नेमका तेव्हाच पाण्यातील साठा कमी होतो. निलगिरीतील ट्राउटचे पाणी सुमारे २,००० मीटर उंचीवर आहे. आंबोलीची उंची त्याच्या तृतीयांशाएवढीच असल्याने येथील उन्हाळा त्याला सोसवणार नाही.

समजा, तो सोसवला असता, तरीही तो येथे आणणे शहाणपणाचे ठरले नसते. तपकिरी आणि इंद्रधनुषी अशा दोन्ही ट्राउटची गणना आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या, जगातील सर्वाधिक उपद्रवी ठरलेल्या १०० परक्या जातींच्या यादीत झालेली आहे. लहान स्थानिक मासे व बेडूक यांचा तो नव्या ठिकाणी फडशा पाडतो.

आपल्या पाण्यातील मासे

सह्याद्रीच्या नद्यांत गळ टाकणाऱ्यांचा मानाचा मासा म्हणजे महसीर. दख्खनी महसीराचे शास्त्रीय वर्णन कर्नल साइक्स यांनी १८३९ मध्ये पुण्याजवळील मुळा-मुठा नदीतील नमुन्यावरून केले. तो सर्वभक्षी आहे. कीटक, गोगलगायी, लहान मासे, शेवाळ आणि काठच्या झाडांवरून पडणारी फळे हे सारे तो खातो. दक्षिण कानडा जिल्ह्यात काम केलेले एच. एस. थॉमस यांनी १८७३ मध्ये भारतातील गळाच्या मासेमारीवर लिहिलेल्या ग्रंथात महसीराला महत्त्वाचे स्थान दिले आहे.

ट्राउटची रीत येथे वापरताना माशाचे तोंड पाहावे. तोंड वरच्या बाजूस उघडणारे असेल तर मासा पृष्ठभागावरचे कीटक टिपतो, आणि त्याला तरंगती माशी योग्य. तोंड खाली असेल तर तो तळाशी चरतो. मळ्या हा ओढ्यातील मासा खालच्या ओठाजवळील चकतीने दगडाला धरून राहतो आणि त्यावरील शेवाळ खरवडून खातो. त्याच्यापुढे कितीही सुबक माशी नाचविली तरी तो तिच्याकडे वळणार नाही. संथ डोहातील मरळ बेडूक व लहान मासे यांवर टपून असते. तिलाही चिलटाएवढ्या माशीचे आकर्षण नाही.

ऋतूंचा हिशेबही वेगळा आहे. थंड प्रदेशात बर्फ वितळणे हा वर्षाचा आरंभ असतो. आपल्याकडे ते काम मृगाचा पाऊस करतो. पाऊस जोरात लागला की पुरामुळे दगडांवरील कीटक मोठ्या संख्येने वाहून जातात, आणि पाणी निवळले की त्यांची संख्या पुन्हा वाढू लागते. फाल्गुन-चैत्रात व्हाळाची धार बारीक होते व मासे उरलेल्या डोहांत एकवटतात. पहिल्या पावसाबरोबर अनेक जातींचे मासे अंडी घालण्यासाठी प्रवाहाविरुद्ध वर चढतात. कोकणातील चढणीचे मासे ते हेच. म्हणजे आपल्या माशांच्या दृष्टीने वर्षातील दोन काळ कसोटीचे असतात. एक उन्हाळ्यातील डोहांचा आणि दुसरा पावसाळ्याच्या आरंभीच्या चढणीचा.

दुर्दैवाने नेमके याच दोन काळांत मासे धरणे सोपे असते. पूर्वी आटत्या डोहात गेळफळासारखी विषारी फळे ठेचून टाकीत. पुढे ठिकठिकाणी ब्लीचिंग पावडर आणि सुरुंगाची दारू यांचा वापर होऊ लागला. पाण्यात विष किंवा स्फोटके टाकून मासे मारणे हा १८९७ च्या भारतीय मत्स्य अधिनियमापासूनच गुन्हा आहे. गळाने एका वेळी एक मासा मिळतो. विषाने मात्र डोहातील मोठा मासा, त्याची पिले आणि ती पिले ज्यांवर जगतात ते दगडाखालचे कीटक असे सगळेच एका दिवसात संपते.

याच्या उलट परंपराही आपल्याकडे आहे. रायगड जिल्ह्यात महाडजवळ सावित्री नदीवरील वाळण कोंड आणि पालघर जिल्ह्यात वैतरणेकाठचे तिळसे येथे महसीर देवाचे मासे म्हणून राखले गेले आहेत. त्यांना कोणी धरीत नाही. कायदा होण्यापूर्वीच श्रद्धेने घातलेली ही बंदी होय.

लोणावळ्याजवळ वळवण येथील टाटांच्या केंद्रात १९७० च्या दशकापासून महसीराची कृत्रिम पैदास करण्यात आली आणि डॉ. सी. व्ही. कुलकर्णी यांच्या संशोधनाचा त्यात मोठा वाटा आहे. तेथील लाखो बोटुकल्या देशातील अनेक जलाशयांत सोडण्यात आल्या. मात्र कावेरीत सोडलेल्या दख्खनी महसीरामुळे तेथील मूळच्या, पाठीवर उंचवटा असलेल्या महसीराला धोका पोहोचल्याचे अभ्यासकांनी दाखवून दिले आहे. मासा आपला असला तरी प्रत्येक नदी त्याची नसते, हा धडा यातून घेण्यासारखा आहे.

हिरण्यकेशीचा लहानसा रहिवासी

या पार्श्वभूमीवर आंबोलीचे महत्त्व ध्यानात येते. हिरण्यकेशीच्या उगमाजवळील पाण्यात आढळलेल्या एका माशाचे वर्णन २०२० मध्ये शास्त्रज्ञांनी प्रसिद्ध केले आणि नदीच्या नावावरून त्याला ‘शिस्टुरा हिरण्यकेशी’ हे नाव दिले. काही सेंटिमीटर लांबीचा हा रंगीत मासा लोच या कुळातील आहे. या कुळातील मासे तोंडाभोवतीच्या मिशांनी तळाचा ठाव घेत दगडगोट्यांमध्ये राहतात, आणि बारीक कीटक व त्यांच्या अळ्या हे त्यांचे मुख्य अन्न असते.

मासेमारीमुळे ही दुर्मिळ जात नष्ट होण्याची भीती होती. म्हणून जैविक विविधता अधिनियम, २००२ मधील तरतुदीनुसार महाराष्ट्र शासनाने मार्च २०२१ मध्ये मंदिर परिसरातील २.११ हेक्टर क्षेत्र जैविक वारसा स्थळ म्हणून घोषित केले. गळ व जाळे यांपासून या माशाला त्यामुळे संरक्षण मिळाले आहे. परंतु माशाचे अन्न दगडाखाली आहे, आणि दगडाखालच्या जगाला अधिसूचनेची सीमा ठाऊक नसते. वरच्या अंगाने माती वाहून आली तर दगडांमधील फटी बुजतात. कपड्यांच्या साबणाचे पाणी मिसळले तर मेफ्लाय व स्टोनफ्लाय आधी जातात. निर्माल्य व अन्नाचे खरकटे कुजू लागले की पाण्यातील प्राणवायू कमी होतो. मासा डोळ्यांना दिसत असतानाच त्याचे अन्न संपू लागलेले असू शकते. म्हणून केवळ मासे मोजून भागत नाही, तर त्यांचे ताटही पाहावे लागते.

असेच एक नाते आंबोलीच्या रानातही आढळते. राखी रानकोंबड्याच्या मानेवरील, मेणाचे ठिपके लावल्यासारखी दिसणारी पिसे कृत्रिम माश्या बांधणाऱ्यांना एकेकाळी फार हवीशी वाटत आणि त्यांच्यासाठी या पक्ष्याची शिकार होई. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ अन्वये आता ती निषिद्ध आहे. माशी बांधण्यासाठी पाळीव कोंबड्याचे पीस व बाजारातील धागा पुरेसा आहे.

ओढ्याची परीक्षा

ट्राउट धरणाऱ्याची रीत शाळा-महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांना गळाशिवायही वापरता येईल. जैविक वारसा स्थळातील पाणी यासाठी निवडू नये. गावालगतचा कोणताही बारमाही ओढा चालेल. साहित्य म्हणून पांढरे ताट, भिंग, तापमापक, मऊ ब्रश आणि वही एवढे पुरे. पाऊस ओसरून पाणी निवळल्यावर एकदा आणि फाल्गुनात एकदा, अशा दोन परीक्षा कराव्यात. पूर उतरल्याबरोबर परीक्षा केल्यास कीटक कमी आढळतील व निष्कर्ष चुकेल.

खळाळत्या भागातून मुठीएवढे दहा दगड एकेक करून उचलावेत. थोडे पाणी घातलेल्या ताटात त्यांवरील जीव ब्रशने हळूच उतरवावेत. तीन तंतूंचे, दोन तंतूंचे, घर बांधणारे आणि लाल अळ्या असे चार गट वेगवेगळे मोजून पाण्याच्या तापमानासह वहीत लिहावेत. मग जीव पाण्यात सोडावेत आणि प्रत्येक दगड होता त्याच जागी, होता त्याच बाजूने ठेवावा. उलटा ठेवलेला दगड म्हणजे अनेकांचे मोडलेले घर, हे विद्यार्थ्यांना आवर्जून सांगावे.

पहिले तीन गट चांगल्या संख्येने आढळले तर ओढा निरोगी आहे असे समजण्यास हरकत नाही. स्टोनफ्लाय नाहीशी होऊन केवळ कॅडिस उरली असेल तर वरच्या अंगाला काय बदलले आहे याचा शोध घ्यावा. ताटात लाल अळ्यांखेरीज काहीच उरले नसेल तर पाण्यात घाण मिसळत आहे हे निश्चित समजून ग्रामपंचायतीच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीला कळवावे. एका वर्षाच्या आकड्यांवरून फारसे काही ठरत नाही. त्याच जागी, त्याच तिथीच्या सुमारास पाच वर्षे केलेल्या नोंदी मात्र ओढ्याचा कल स्पष्ट सांगतात.

ज्यांना गळाची हौस आहे त्यांनी जलाशयाच्या ठिकाणचे नियम व परवान्याची आवश्यकता मत्स्यव्यवसाय विभागाच्या जिल्हा कार्यालयात आधी विचारून घ्यावी. उलटा काटा नसलेला गळ वापरावा, मासा ओल्या हातांनी धरावा आणि शक्य तितक्या लवकर पाण्यात सोडावा. चढणीच्या दिवसांत गळ घरीच ठेवावा. त्या दिवसांत प्रवाहाविरुद्ध वर चढणाऱ्या प्रत्येक मादीच्या पोटात पुढील वर्षीचे मासे असतात.